मे २०११ ची फाइल काढून द्या म्हटलं, आणि मिळाली: आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्याबद्दल

हॉटेलांवर, मोबाइलच्या दुकानांवर लोक पानंच्या पानं अभिप्राय लिहितात. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयावर कुणी चार ओळीही लिहीत नाही. म्हणून मी लिहिते आहे, आणि जरा सविस्तर लिहिणार आहे.

आमचं गाव तापीकाठचं. वाचनालय जुनं. खाली मुक्तद्वार वाचन, मागच्या खोलीत कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, वरच्या मजल्यावर महिन्यावार बांधलेली जुनी वर्तमानपत्रं. हा अभिप्राय फक्त वरच्या मजल्याचा. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. अकरावीच्या प्रकल्पासाठी मुलांना घेऊन तिथे बसले, आणि तिथे जे हाती लागलं ते जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्रत्येक शिक्षकाला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रकल्पाचा विषय होता, ओसामा बिन लादेन मारला गेला तेव्हा लोक काय म्हणाले. कारवाई कशी झाली ते मुलांना मोबाइलवर पाच मिनिटांत सापडतं: अबोटाबादचं उंच भिंतींचं घर, तिथून जवळच काकूलची लष्करी अकादमी, दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि त्यातलं अंगणात कोसळलेलं एक, नंतर यूएसएस कार्ल विन्सन या विमानवाहू जहाजावरून समुद्रात दफन. पण त्या आठवड्यात माणसं काय बोलली, कशावरून चिडली, कशाला घाबरली, हे मोबाइल नीट सांगत नाही. तिथे दहा वर्षांनी कुणीतरी लिहिलेला सारांश मिळतो.

पोरांनी आधी २ मेचा अंक मागितला, कारण मोबाइलवर तारीख २ मे. त्यात लादेनचं नावही नाही. मुलं म्हणाली, मॅडम, पेपरवाल्यांनी बातमी दाबली. मग मी फळ्यावर वेळा लिहून दाखवल्या. ओबामांनी घोषणा केली ती वॉशिंग्टनमध्ये १ मेच्या रात्री साडेअकराच्या सुमारास. आपल्याकडे तेव्हा २ मे, सोमवार, सकाळचे नऊ वाजून गेलेले. सकाळी दारात पडलेला कागद त्याच्या कितीतरी आधी छापून झालेला. ‘काल रात्री छापलं ते आज सकाळी’ ही गोष्ट या पिढीला सांगावी लागते, आणि ती कागद हातात असल्यावर जशी पटते तशी एरवी पटत नाही.

३ मेपासून पुढची पानं मात्र भरगच्च. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या वर्षी ६ मेला होती, त्यामुळे आठवडाभर सोन्याच्या जाहिराती आणि लादेनचा फोटो शेजारी शेजारी. एका मुलीला ते विचित्र वाटलं. मला नाही वाटलं. माहेरवाशिणी घरी आलेल्या, पितरांच्या घागरीवर ठेवायला डांगर (खरबूज) आणायचं, आणि त्यातच ही बातमी. आमच्याकडे ती अशीच पोचली.

मुलांनी जगातल्या प्रतिक्रियांचा तक्ता केला, आणि तक्ता करताना त्यांच्यात भांडणं झाली. व्हाइट हाउससमोर मध्यरात्री जमलेल्या गर्दीत कॉलेजची मुलं खूप होती. २००१ मध्ये जुळे मनोरे पडले तेव्हा ती आठ-दहा वर्षांची. लहानपण त्या नावाच्या भीतीत गेलेली मुलं ‘यूएसए, यूएसए’ ओरडत होती. फिलाडेल्फियात बेसबॉलचा सामना चालू असताना प्रेक्षकांनी तोच गजर केला. माझ्या वर्गातला एक जण म्हणाला, यात चूक काय? जवळजवळ तीन हजार माणसं मारली त्यानं. दुसरी म्हणाली, मेलेल्या माणसावर नाचणं बरं नाही. हाच वाद तेव्हा जगभर झाला होता. व्हॅटिकनचे प्रवक्ते फेदेरिको लोम्बार्दी यांनी सांगितलं की ख्रिस्ती माणूस कुणाच्याही मृत्यूचा आनंद मानत नाही. जर्मनीच्या चॅन्सेलर आंगेला मेर्केल ‘आनंद झाला’ म्हणाल्या, तर त्यांच्याच देशात गदारोळ उठला. एका न्यायाधीशानं त्यांच्याविरुद्ध तक्रारच दाखल केली. ओबामा ५ मेला न्यूयॉर्कला मनोऱ्यांच्या जागी गेले, पुष्पचक्र वाहिलं, मृतांच्या कुटुंबीयांना भेटले. भाषण केलं नाही. तेवढ्यावर मात्र वर्गातल्या दोन्ही बाजूंचं एकमत झालं.

केनियाची नोंद मी मुद्दाम करायला लावली. अमेरिकेच्या गर्दीचे फोटो मोठे असतात, नैरोबीचे नसतात. १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलाम इथल्या अमेरिकी वकिलातींवर लादेनच्या अल-कायदानं स्फोट घडवले, त्यात दोनशेवर माणसं गेली. अमेरिकी त्यात १२, बाकी बहुतेक आफ्रिकी. केनियाचे राष्ट्राध्यक्ष मवाई किबाकी यांनी लादेनच्या मृत्यूकडे त्या मृतांना मिळालेला न्याय म्हणून पाहिलं. पाकिस्तानात चित्र दुहेरी होतं. पंतप्रधान गिलानींनी मोठा विजय म्हटलं, आणि त्याच दिवशी क्वेट्टात शेकडो लोक अमेरिकेविरुद्ध घोषणा देत रस्त्यावर आले. गाझात हमासच्या इस्माइल हनियेंनी हत्येचा निषेध केला, तर पॅलेस्टिनी प्राधिकरणानं स्वागत केलं. एकाच लोकांचे दोन गट, दोन टोकं. ‘मुसलमान जगाची प्रतिक्रिया’ असा रकाना एका मुलानं आखला होता, तो त्यानं स्वतःच खोडला.

पण या फायलींचं खरं मोल आहे वाचकांच्या पत्रांत. आपली माणसं तिथे आहेत. त्या पत्रांत अमेरिकेपेक्षा जास्त कुणी असेल तर कसाब. २६/११ ला मुंबईत १६६ माणसं गेली. कसाबला मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि लादेनची बातमी आली तेव्हा तो तुरुंगात जिवंत होता. सरकारी वकील उज्ज्वल निकम आपल्या जळगावचे, त्यामुळे तो खटला खान्देशात घरच्यासारखा वाचला जात होता. पत्रांमागून पत्रं एकच विचारतात: त्यांनी एका रात्रीत संपवलं, आपण कशाला वाट पाहतो? पंतप्रधान मनमोहन सिंगांनी घटनेचं स्वागत केलं, गृहमंत्री चिदंबरम यांनी पाकिस्तानात दहशतवाद्यांना आसरा मिळतो याकडे बोट दाखवलं, पण पत्रलेखकांचं त्यानं समाधान झालेलं दिसत नाही.

मुलांना हा राग लगेच समजला. मला त्यांना त्यापुढे न्यायचं होतं, आणि फायली असल्यामुळे नेता आलं. नोव्हेंबर २०१२ चा गठ्ठा काढून घेतला. २१ नोव्हेंबरला येरवड्यात कसाबला फाशी झाली. त्याला वकील मिळाला होता, पुरावे उघड न्यायालयात तपासले गेले होते, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झालं होतं. राज्यशास्त्राची बाई म्हणून नाही, या देशाची नागरिक म्हणून मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी वर्गात लपवला नाही. सगळ्यांना पटलं असं नाही. एका मुलाचं म्हणणं शेवटपर्यंत होतं की साडेतीन-चार वर्षं फार झाली. त्याची बाजूही प्रकल्पात जशीच्या तशी आहे.

त्या वाचनालयात रोज येणारे एक वयस्कर वाचक आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. आमचा गलका ऐकून वर आले, खुर्ची ओढून बसले आणि मुलांना म्हणाले, माझं पण लिहून घ्या, ते छापून आलं नव्हतं. त्या सकाळी ते नेहमीच्या टपरीवर चहाला गेले होते. दूरचित्रवाणीवर बातमी चालू. टपरीवरची ओळखीची माणसं पडद्याकडे कमी आणि त्यांच्या तोंडाकडे जास्त बघत होती, आता हे काय बोलतात म्हणून. ‘बरं झालं, हे मी सगळ्यांच्या आधी म्हटलं असतं बेटा. पण माझ्याकडून ते म्हणवून घ्यायचं होतं त्यांना. म्हणून मी चहा तसाच ठेवला आणि निघून आलो.’

मालेगाव आमच्यापासून लांब नाही. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, तिथे स्फोट झाले. नमाजाला आलेली माणसं मेली, आणि पकडलेही गेले मुसलमान तरुणच. मे २०११ मध्ये त्यातले नऊ आरोपी अजून सुटले नव्हते. नोव्हेंबरमध्ये त्यांना जामीन मिळाला, आणि २०१६ मध्ये न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. चाचांच्या त्या न प्यायलेल्या चहामागे हे सगळं होतं. मुलांनी तारखा फायलींतून स्वतः शोधल्या. कुणी काही बोललं नाही आणि मीही समजावत बसले नाही. प्रकल्पात ‘छापून न आलेली प्रतिक्रिया’ असं वेगळं पान केलं, चाचांना वाचून दाखवलं, त्यांनी एक वाक्य बदलायला सांगितलं, ते बदललं.

आता सेवेबद्दल. फायली सांभाळणाऱ्या अप्पांना शंभरपैकी शंभर. मुलांचा घोळका बघून कपाळाला आठी घालणारे कर्मचारी मी पुष्कळ पाहिलेत. अप्पा पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘बठा ताई, बाहेर भलतं ऊन शे,’ आणि पोरांसाठी माठातलं पाणी वर आणून ठेवलं. कोणतं वर्ष कोणत्या घोडीवर (मांडणीवर), कोणत्या महिन्याची पुरवणी वेगळी बांधली आहे, हे त्यांना नोंदवही न बघता सांगता येतं. पान उलटताना खालून हात कसा धरायचा तेही त्यांनीच शिकवलं. पेन वर नेऊ देत नाहीत, पेन्सिल चालते. योग्यच आहे. झेरॉक्स मिळत नाही, कारण बांधीव अंक यंत्रावर दाबला की शिवण उसवते. मोबाइलनं फोटो काढू देतात. सभासद नसाल तरी ओळखपत्र दाखवून वर जाता येतं.

उणिवा मोठ्या आहेत आणि त्या कार्यकारी मंडळानं वाचाव्यात. वरच्या मजल्यावर पंखा आहे, कूलर नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी तिथे बसवत नाही. पश्चिमेच्या खिडकीला पडदा नसल्यानं तिकडच्या घोडीवरचे अंक पिवळे पडून कडांना तुटतात. एक साधा जाड पडदा लावायला किती खर्च येतो? काही गठ्ठ्यांना कसर लागली आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अलीकडच्या वर्षांचे अंक बांधलेलेच नाहीत, सुतळीनं आवळून कोपऱ्यात रचले आहेत. जागा नाही म्हणून ते रद्दीत काढायची चर्चा मंडळात झाली, असं ऐकलं. शासनाचं अनुदान तुटपुंजं आहे आणि उशिरा येतं, हे मला ठाऊक आहे. तरीही हे होऊ देऊ नका. इंटरनेटवर सगळं आहे हे उत्तर मला देऊ नका, आमच्या गावच्या माणसानं २०११ मध्ये संपादकांना लिहिलेलं पत्र इंटरनेटवर नाही. बांधणीचा खर्च लोकवर्गणीतून करू, आमच्या शिक्षकांची तयारी आहे. मुलं सुटीत येऊन अंक तारखेवार लावून देतील.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी जा, उन्हाळ्यात तर सकाळीच. वरचा मजला दुपारच्या जेवणाच्या वेळी बंद असतो. कोणता महिना पाहिजे ते आदल्या दिवशी अप्पांना सांगून ठेवलंत तर गठ्ठा खाली काढून, झटकून ठेवतात. हात रुमालानं पुसून बसा, केळीचे वेफर्स पिशवीतच राहू द्या. आणि चाचा भेटले तर त्यांना १९९३ च्या मार्चबद्दल, मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या त्या महिन्याबद्दल विचारा. आमचा पुढचा प्रकल्प तोच आहे.