कपाटाची चावी हरवली: नंबरावरून मागवावी, चावीवाल्याकडून करावी की कुलूपच बदलावं?

नाट्यसंस्थेच्या गोदामात चाव्यांचा जुडगा सापडेनासा झाला की लगेच चावीवाल्याला फोन जातो. त्याआधी काय अडलंय ते बघा. पुष्कळदा ते चोरापासून राखण करणारं कुलूप नसतंच.

सेटच्या लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, एकमेकांना जोडणारं कॉफिन लॉक घ्या. प्लायच्या कडेत बसवलेल्या डबीतला हूक फिरतो आणि समोरच्या डबीतल्या पिनेला घट्ट ओढून धरतो. त्याची ‘चावी’ म्हणजे साधी अ‍ॅलन की, षटकोनी टोकाचा वाकवलेला गज. अमेरिकी बनावटीला बहुधा ५/१६ इंची, म्हणजे आपल्या सुताराची अडीच सुती लागते. ८ मिमीची की तिच्या इतकी जवळची आहे की सहसा तीही बसते. हार्डवेअरच्या दुकानातून तीन-चार आणा, लाल टेप गुंडाळा, विषय संपला. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरच्या पॅनेलचंही तेच. तिथे त्रिकोणी, चौकोनी किंवा दोन कानांची चावी लागते. भोकाचा आकार आणि माप बघून इलेक्ट्रिकलच्या दुकानात ती सहज मिळते.

खरा निर्णय वेशभूषेचं कपाट, माइकचा ड्रॉवर अशा ठिकाणी घ्यावा लागतो. त्यांना बहुतेक वेळा कॅम लॉक असतं, म्हणजे चावी फिरवली की मागची पट्टी फिरून दार अडवणारं छोटं कुलूप.

कुलपाच्या तोंडावर नंबर कोरलेला असेल तर कपाटाच्या विक्रेत्याकडून त्या नंबराची चावी मागवता येते. कुलपाला हात लावावा लागत नाही, चावीही नेमकी येते. फक्त वाट बघायची तयारी हवी. नुसता नंबर कळवू नका. तोच नंबर दुसऱ्या कंपनीच्या मालिकेतही असू शकतो. कुलपाच्या तोंडाचा फोटो सोबत द्या.

संध्याकाळी प्रयोग असेल तर चावीवालाच. कोरी चावी आत घालून, जोर देऊन, उमटलेल्या खुणांवर तो कानस चालवतो. चपट्या चावीला हे छान जमतं. नळीसारख्या गोल चावीला वेगळं हत्यार लागतं. ते आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.

माझा कल मात्र कुलूप बदलण्याकडे आहे, विशेषतः जुडगा कुठे गेला हे कोणालाच सांगता येत नसेल तेव्हा. नवी चावी केली तरी जुनी कोणाच्या तरी खिशात राहतेच. दार उघडं असेल तर मागची नट सोडवली की काम झालं. बंद असेल तर ड्रिल मारण्याची वेळ येऊ शकते. दुकानात जुनं कुलूप सोबत न्या. भोक बहुधा पाऊण इंचाचं, पण धडाची लांबी, मागच्या पट्टीचा बाक आणि चावी पाव फिरते की अर्धी, हे जुळलं नाही तर फेरी वाया.

नव्या कुलपाचा नंबर वहीत लिहून ठेवा. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. त्या नंबरावर चावी कोणीही मागवू शकतं.