जुन्या गाडीसाठी रीकंडिशन केलेले निवोमॅट शॉक : घ्यावेत का?

निवोमॅट म्हणजे डिकीत वजन भरल्यावर गाडीची मागची बाजू आपोआप ठरलेल्या उंचीवर आणणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. त्याच्या आत-बाहेर सरकणाऱ्या रॉडवर नव्याने हार्ड क्रोमचा (कठीण धातूचा) थर चढवलेला असेल आणि आतला पंप तपासलेला असेल तर जरूर घ्यावेत. फक्त सील बदलून गॅस भरलेला नग मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बाहेरून काळा रंग मारला की दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून घेण्याआधी नीट विचारपूस करावी.

व्होल्व्होच्या ७६० आणि ९६० सारख्या गाड्यांच्या मागच्या बाजूला मिळणाऱ्या या शॉकला ना वायर असते, ना नळी, ना वेगळा पंप. सगळी यंत्रणा नळकांड्याच्या आत असते. चाक खालीवर झालं की आतला छोटा पंप कमी दाबाच्या कप्प्यातलं तेल जास्त दाबाच्या कप्प्यात ढकलतो. तिथला नायट्रोजन दाबला जातो आणि गाडीची मागची बाजू उचलली जाते. ठरलेली उंची आली की एक छिद्र मोकळं होतं आणि जादा तेल परत फिरतं. त्यामुळे डिकी भरलेली उभी गाडी मागे बसलेलीच दिसते. एक-दोन किलोमीटर चालल्यावर ती वर येते, गुळगुळीत रस्त्यावर थोडा उशीर लागतो. हा दोष नव्हे.

मागचा भाग हाताने दाबून सोडण्याच्या चाचणीतून फक्त धक्के शोषण्याची ताकद कळते, उचलण्याची नाही. डिकीत वजन ठेवा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा, खडबडीत रस्त्यावर तीनेक किलोमीटर फिरवून पुन्हा मोजा. अंतर वाढलं नाही तर पंप झिजलाय किंवा तेल गेलंय. रॉडवर तेलाचा पुसट ओलावा चालतो, ओघळ चालत नाही.

बिघाडाची सुरुवात बहुधा फाटलेल्या डस्ट कव्हरपासून होते. रॉडवर धूळ आणि पाणी बसतं, क्रोमला बारीक खड्डे पडतात, ते सीलची कड खातात आणि तेल झिरपू लागतं. अशा रॉडवर नवं सील बसवलं तर तेही तसंच कापलं जाणार. तेल कमी झालं की पंपाला ढकलायला काही उरत नाही.

रीकंडिशन करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा : नळकांडं उघडता कसं? चांगला कारागीर बंद केलेलं टोक लेथवर कापतो आणि आटे पाडून नवं झाकण बसवतो, म्हणजे पुढे पुन्हा उघडता येतं. भोक पाडून तेल-गॅस भरायचा आणि वर वेल्डिंग करायचं ही पद्धत वाईट, कारण उष्णतेने आतली सीलं जळतात आणि पंपाला तर हातही लागत नाही. तेल मूळ मापाइतकंच हवं. जास्त झालं तर गॅसला जागा उरत नाही, गाडी कडक चालते आणि सीलवर ताण येतो. गॅस नायट्रोजनच हवा. हवेतला ऑक्सिजन दाबाखाली तेलाबरोबर धोकादायक ठरतो. दोन्ही नगांच्या चाचणीचे आकडे कागदावर मागा, आणि नेहमी जोडीनेच करून घ्या.

घरी उघडायचा विचारही करू नका. काढून ठेवलेल्या शॉकमध्येही गॅसचा मोठा दाब असतो, रॉड जोरात बाहेर फेकला जाऊ शकतो. मर्सिडीझच्या १२३ आणि १२४ मालिकेतल्या स्टेशन वॅगनची गोष्ट वेगळी. तिथेही मागची उंची आपोआप राखली जाते, पण पंप इंजिनवर असतो आणि गॅस भरलेले धातूचे गोळे शॉकपासून सुटे असतात. मागून गाडी कडक होऊन उड्या मारू लागली तर आधी ते गोळे बदलावेत, शॉकला नंतर हात लावावा.

बसवताना अ‍ॅक्सलला आधार द्या. शॉक सुटला की ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो. रॉड हाताने दबत नाही, म्हणून खालचं भोक जुळवायला जॅकने अ‍ॅक्सल उचलावा लागतो. रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच घट्ट करा. हवेत लटकलेल्या स्थितीत आवळले तर बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

साधे शॉक लावायचे असतील तर मागच्या स्प्रिंगाही बदलाव्या लागतात. निवोमॅट गाडीचं काही वजन स्वतः पेलतो, म्हणून त्याच्या जोडीच्या स्प्रिंगा मुळातच मऊ असतात. नुसते शॉक बदलले तर रिकामी गाडीही मागे बसते.