अकरावी-बारावी सायन्स: कॉलेजचे अनुभवी सर की क्लासचे आयआयटीवाले सर?

अकरावी सायन्सला प्रवेश घेताना पालक फी, अंतर आणि होर्डिंगवरचे टॉपर पाहतात. रोज फळ्यासमोर कोण उभं राहणार, हे शेवटी विचारतात. माझ्या मते ते सगळ्यांत आधी विचारावं.

ज्युनिअर कॉलेजचे सर बहुधा एम.एस्सी., बी.एड. आणि पंधरा-वीस वर्षं मुरलेले. क्लासमध्ये अनेकदा तरुण बी.टेक. सर भेटतात, शिकवायला लागून दोनच वर्षं झालेली. क्लासच्या शिक्षकाला बी.एड. लागतच नाही. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत अट आहे ती फक्त पदवीची.

बोर्डासाठी कॉलेजच्या सरांना तोड नाही. पेपर तपासून तपासून डेरिव्हेशनच्या कुठल्या पायरीला गुण मिळतात, ते त्यांना पाठ असतं. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचे 30 गुण त्यांच्याच लॅबमध्ये कमवायचे असतात. शिवाय आयआयटीच्या प्रवेशालाही खुल्या गटात बारावीचे 75 टक्के, नाहीतर बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये जागा लागते. म्हणून कॉलेजला दांडी मारायला लावणारा क्लास मला पटत नाही.

आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे जेईई अ‍ॅडव्हान्स्डला, मात्र विषयाची खोली लागते. अमेरिकेत गोल्डहेबर आणि ब्रूअर या संशोधकांनी शाळकरी मुलांचे गणिताचे गुण तपासले, तेव्हा नुसत्या पदव्युत्तर पदवीचा फायदा दिसला नाही; शिक्षकाची पदवी गणितातली असेल तर दिसला. आपल्याकडे डेमो लेक्चरला हे पारखता येतं. सरांना विचारा: चेंडू न घसरता उतारावर वर गडगडत जातोय, तर घर्षण कुठल्या दिशेला? बरीच मुलं ‘खाली’ म्हणतात, कारण घर्षण गतीला विरोध करतं एवढंच डोक्यात बसलेलं असतं. उत्तर ‘वर’ आहे. विषय येणारे सर ते सिद्ध करतील. शिकवण्यात मुरलेले सर आधी मुलाला ‘खाली’ का वाटलं, ते शोधतील. मूल पुढे जातं ते या दुसऱ्या सरांकडे.

हे मुरणं किती वर्षांत येतं? शिक्षकांवरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय की सर्वांत मोठी सुधारणा पहिल्या काही वर्षांत होते, मग वेग मंदावतो. तेव्हा पाच वर्षांवाल्यापेक्षा वीस वर्षांवाला चौपट चांगला, असं नसतं. पहिल्या वर्षाचा आणि पाचव्या वर्षाचा शिक्षक यांत मात्र खरं अंतर असतं. आणि वीस वर्षं फक्त बोर्डाचा पोर्शन संपवण्यात गेली असतील, तर ती अ‍ॅडव्हान्स्डला फारशी कामी येत नाहीत.

राज्यातल्या इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा हिशेब सोपा. गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, निगेटिव्ह मार्किंग नाही. पाया पक्का करणारे कॉलेजचे सर आणि एक टेस्ट सिरीज पुरते.

त्यामुळे लक्ष्य बोर्ड आणि सीईटी असेल, किंवा मूल दहावीच्या गणितातच अडखळत असेल, तर मी डोळे झाकून प्रशिक्षित, जुने सर निवडेन. अ‍ॅडव्हान्स्ड असेल तर त्याच विषयात शिकलेले आणि तीच परीक्षा किमान चार-पाच वर्षं शिकवलेले सर हवेत. नुसता आयआयटीचा शिक्का नको. मोठ्या क्लासमध्ये नावाजलेले सर सगळ्यांत वरच्या बॅचलाच मिळतात, म्हणून आपल्या बॅचला कोण, ते लेखी घ्या. सर मध्येच बदलले तर क्लास सोडता येतो: त्याच 2024 च्या सूचनांनुसार उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत मिळायला हवी.