नव्या रबराचं पेडल आणि माझे 4,53,750 रुपये

जुन्या गाड्या विकताना किलोमीटरचं मीटर मागे करतात हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच असतं. म्हणून तर मी तीस-चाळीस हजार पळालेल्या ‘आजोबांच्या गाड्या’ बघायलाही गेलो नाही. चिंचवड ते रांजणगाव, रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. मला भरपूर पळालेली पण नीट सांभाळलेली डिझेल हवी होती. 2014 ची स्विफ्ट डिझायर सापडली, मीटरवर 1,18,460. खोटंच दाखवायचं तर कुणी साठ हजार दाखवेल, लाखाच्या वर कशाला, असा माझा हिशोब. तिथेच फसलो. लाखाच्या वरचा आकडा बघितला की माझ्यासारखा शहाणा माणूस तपासायचं थांबतो, हे मीटर मागे करणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे.

मालक रिटायर्ड गृहस्थ, घरात देवघर, चहाबरोबर चकली. सोबतचा एजंट ‘भाचा’ म्हणून ओळख करून दिलेला. मागितले 4,10,000, ठरले 3,65,000. टोकन 10,000 तिथल्या तिथे फोनवरून, कारण संध्याकाळी साताऱ्याची पार्टी येणार होती. (ही साताऱ्याची पार्टी प्रत्येक गाडीला असते. ती कधीच येत नाही.)

मी आंधळेपणाने घेतली, असं घरी सगळे म्हणतात. तसं नाहीये. ई-चलन बघितलं, एकही बाकी नव्हतं. आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलेला होता. सर्व्हिस सेंटरला स्वतः फोन केला. ते म्हणाले, शेवटची नोंद फेब्रुवारी 2018, किलोमीटर 96,210. मालक म्हणाले, “नंतर मी रिटायर झालो, मग लॉकडाऊन, गाडी उभीच होती हो.” पटलं मला. चार वर्षं महिन्याला दोन हजार पळणारी गाडी पुढची साडेसात वर्षं महिन्याला अडीचशेवर आली, हा भागाकार मी घरी आल्यावर केला. फॅक्टरीत दिवसभर आकडेमोडच करतो मी.

आणि ते पेडल. टेस्ट ड्राइव्हला बसलो तेव्हा सहज खाली नजर गेली. ब्रेक आणि क्लच, दोन्हींवर कोरं करकरीत रबर. कडेला साच्यातून निघालेले केसासारखे बारीक धागे तसेच होते. अकरा वर्षांच्या गाडीला! स्टिअरिंगवर नवं कव्हर, ड्रायव्हरच्या सीटलाही नवं, बाकीच्या सीटना मात्र जुनीच. मी बायकोला काय म्हणालो असेन? “बघ, किती जपलीय.” झिजलेलं पेडल दिसलं असतं तर मी दहा प्रश्न विचारले असते. माझा मेकॅनिक गणपतीला गावी गेला होता, चार दिवस थांबलो असतो तर वाचलो असतो. थांबा. गाडी गेली तर जाऊ द्या.

एजंटला 5,000 रोख दिले, पावती नाही. ट्रान्सफरचे 7,000 वेगळे.

अठराव्या दिवशी चाकणच्या चौकात क्लच गेला, मागे ट्रेलर हॉर्न मारतायत. मेकॅनिकने चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं तर आतून भसाभस धूर. “साहेब, बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन आतून झिजलंय. ही लाखभर किलोमीटरची गाडी नाही.” क्लच 28,400, टर्बो 31,500, सस्पेन्शन 16,850. झाकण काढून बघायची ही तपासणी फुकट आणि अर्ध्या मिनिटाची आहे, घ्यायच्या आधी करा.

सीटखालची मॅट काढताना एक चुरगळलेला कागद निघाला. लॉगशीट. वर याच गाडीचा नंबर, डिसेंबर 2021, पहाटे 5.40 चा पिकअप, हिंजवडी फेज 2, चार जणांच्या सह्या. क्लोजिंग किलोमीटर 2,31,486. पांढऱ्या, म्हणजे खासगी गाडीच्या पाटीवर कंपनीच्या शिफ्टला भाड्याने पळत होती. लॉकडाऊनमध्ये उभी होती म्हणे!

पोलीस चौकीत पहिलं वाक्य: “हे दिवाणी आहे.” मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? तर हवालदार म्हणाले, मीटर तुम्ही बघून घेतलं, सही तुमची, आरटीओत जा. आरटीओत खिडकी 4 वरून 11, तिथून वरच्या मजल्यावर. तिथे कळलं की किलोमीटर हा त्यांचा विषय नाही, त्यांच्याकडे फक्त मालकी. जुन्या गाड्यांच्या डीलरला एप्रिल 2023 पासून आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, या एजंटकडे ते नाही, यावर काहीतरी करा म्हटलं. “तो डीलर आहे याचा पुरावा आणा.” ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, खासगी माणसाकडून घेतलीत, तिथे टिकणार नाही, दलालावर तक्रार करता आली असती, पावती आहे का? पाच हजारांची पावती. मी गप्प. चार अर्ध्या रजा गेल्या. जिथे जावं तिथे मला समजावतात, तो भाचा मात्र अजून गाड्या विकतोय. जाहिरात बघितली मी, पुन्हा ‘सिंगल हँड, सांभाळलेली’.

दलाली द्यायची तर खात्यातून द्या. विक्रीच्या करारावर मीटरचा आकडा लिहून मालकाची सही घ्या. कां-कूं केली की उठा. टायरवरची चार आकडी तारीख (बनल्याचा आठवडा आणि वर्ष) वाचा. सर्व्हिसच्या नोंदी जिथे संपतात तिथून पुढची बिलं मागा, तोंडी गोष्टी नकोत.

मेकॅनिक परवा हळूच म्हणाला, “मीटर तर कमीच दाखवतंय, देऊन टाका कुणाला.” खोटं कशाला बोलू, एक क्षण तसं डोक्यात आलंही. मग काही न बोलता बिल दिलं.

मंगळवारी पुन्हा चौकीत बोलावलंय, लॉगशीटची झेरॉक्स घेऊन. तीन आधीच दिल्यात.