टोकन काढायचंय: सोलाना घ्यावं की इथेरियमची लेयर टू?

आमच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी मी हजेरीचं टोकन केलं, आधी सोलाना या ब्लॉकचेनवर आणि मग पुन्हा इथेरियमच्या एका लेयर टूवर, म्हणजे इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या वेगळ्या, स्वस्त साखळीवर. वॉलेट, गॅस, टेस्टनेट तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

नुसतं टोकन काढायचं असेल तर सोलाना फार सोपं. कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर चालणारा आपला कोड, लिहावंच लागत नाही. टोकन प्रोग्राम तिथे आधीच आहे, आपण एका कमांडमध्ये नवा मिंट, म्हणजे टोकनचं मूळ खातं, उघडायचा. दहा मिनिटांत माझं टोकन वॉलेटमध्ये दिसत होतं. इथेरियमकडे ओपनझेपलिन या कोडसंग्रहातला तयार कोड घेतला तरी ईआरसी-20 चं, म्हणजे तिथल्या प्रमाण टोकनचं, कॉन्ट्रॅक्ट स्वतःच डिप्लॉय करावं (साखळीवर चढवावं) लागतं.

पण मला नियमही हवा होता: पाच ट्रेक झाले की राखीव साठ्यातून बोनस. तिथे माझं अडलं. सोलानावर व्यवहार कोणकोणत्या खात्यांना हात लावणार, याची यादी आधीच द्यावी लागते. बोनस मिळो न मिळो, साठ्याचं खातं यादीत हवंच. सभासदाचं टोकन खातं नसेल तर तेही आधी उघडा, त्यासाठी 0.002 सोलच्या (सोलानाच्या चलनाच्या) आसपास अनामत ठेवा. पुढे ट्रेक लीडरलाही टोकन द्यायचं ठरलं आणि रस्ट भाषेतला प्रोग्राम बदलावा लागला, ॲपही. त्या शनिवारी रात्री दीडला चूक सापडली: खात्याचा पत्ता काढताना सीडचा, म्हणजे ज्या तुकड्यांतून पत्ता बनतो त्यांचा, क्रम प्रोग्राममध्ये एक होता आणि ॲपमध्ये दुसरा.

यादीमागे कारण आहे, हे मान्य. कोण कुठे लिहिणार ते आधी कळतं, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले व्यवहार एकाच वेळी चालतात. सोलानाचा वेग बराचसा त्यातून येतो. एक्स्चेंज बांधणाऱ्याला हा सौदा परवडेल. आम्ही चाळीस जण.

सॉलिडिटीत, म्हणजे इथेरियमच्या कॉन्ट्रॅक्टच्या भाषेत, तोच नियम म्हणजे एक मॅपिंग (कोणाचे किती ट्रेक याची नोंद) आणि एक इफ (अट). लीडरचा पत्ता कॉन्ट्रॅक्टमध्ये होताच, त्यामुळे ॲपला हातही लावला नाही. अर्थात प्रॉक्सी, म्हणजे मागचा कोड बदलू देणारं पुढचं कॉन्ट्रॅक्ट, सुरुवातीलाच लावली होती म्हणून. नाहीतर एकदा डिप्लॉय केलेला कोड बदलता येत नाही. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला टोकन खर्च करू द्यायचं तर आधी अप्रूव्ह (खर्चाची परवानगी), मग खरा व्यवहार, अशा दोन सह्याही सहसा लागतात. नवख्या सभासदांना ते समजावताना दम लागतो.

इथेरियमच्या मार्च 2024 च्या डेनकन अपग्रेडनंतर लेयर टूची फी इतकी उतरली, की स्वस्त म्हणून सोलाना घ्यावं हे कारण माझ्यापुरतं उरलं नाही. तुमचं काम टोकन काढून वाटण्यापुरतंच असेल तर सोलाना खुशाल घ्या. आमच्या ग्रुपचे नियम मात्र दर मोसमात बदलतात. पावसाळ्यानंतरचा नवा नियम मी लेयर टूवरच लिहायला घेतलाय.