वाड्यातल्या लग्नाच्या पैठण्या: आधी उलटी बाजू बघा

पैठणच्या जुन्या वस्तीतल्या एका दुमजली वाड्यात लग्नातल्या जुन्या वस्त्रांचं प्रदर्शन मांडलंय. ओसरीवर अष्टपुत्री, म्हणजे नवरीच्या पिवळ्या साड्या, माजघरात पैठण्या आणि शालू, माडीवर नवरदेवाचा थाट: रेशीम-सुताच्या हिमरू कापडाची शेरवानी, शेला, बाशिंगं. सगळं तासाभरात होतं, पण त्यातला पाऊण तास माजघरालाच द्या.

तिथली मधली काचपेटी चुकवू नका. नऊवारी पैठणी आडवी पसरलीय आणि पदराखाली आरसा ठेवलाय. ज्याने हे सुचवलं त्याला विणकाम कळतं. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या कांडीवरून (दोरा गुंडाळलेल्या छोट्या काडीवरून), त्या रंगापुरताच फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकून परत वळतो. त्यामुळे मागे सुटे दोरे लोंबत नाहीत. बांगडीसारख्या गोलातला बांगडी मोर आरशातही तितकाच रेखीव दिसतो. काठ आणि अंग जुळतात ती रेघही बघा. कडियल विणीत दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे (आडवा धागा वाहून नेणारी माकूं) चालतात, म्हणून रंग एकमेकांत मिसळत नाहीत.

शालूचं तसं नसतं. त्याच्या पाठीवर जरीचे दोरे तरंगतात, नाहीतर कापलेली टोकं दिसतात. म्हणूनच डाव्या भिंतीवरच्या अंजिरी वस्त्राखालची 'पैठणी' ही पाटी खटकते. पदराचं टोक उलटलंय, तिथे तरंगते दोरे स्पष्ट दिसतात. तो बनारसी शालू आहे, आणि चांगला आहे. पाटी तेवढी बदला.

जरीचा काळेपणा बघून नाक मुरडू नका. जुनी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. मुलामा झिजला की चांदी उघडी पडते आणि हवेतल्या गंधकाने काळवंडते. झिजलेल्या जागी लालसर झाक असेल, तर आत तांबं आहे.

टांगणी मात्र अक्षम्य. पाच पैठण्या खुंट्यांवरून सोडल्यात. भरजरी पदराचं वजन खाली ओढतं आणि जरीचं काम संपून साधं रेशीम सुरू होतं तिथे वस्त्र फाटतं. एकीला तशी चीर पडलीच आहे, वर चिकटपट्टी! तिचा गोंद रेशमात मुरला की डाग निघत नाही. मागून मऊ सुती कापडाचा आधार देऊन बारीक टाके घालायला हवे होते. जुन्या कापडावर 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको, इथे पिवळे हॅलोजन हातभर अंतरावर तापतात. काचपेटीच्या कोपऱ्यात जरीला खेटून डांबरगोळ्या ठेवल्यात, त्याही हलवा.

जायचं तर सकाळीच. चौकातला उजेड तेव्हा मऊ असतो. नाथषष्ठीच्या गर्दीत गावात गाडी लावायलाच जागा मिळत नाही. माडीचा जिना उभा आणि अरुंद आहे; गुडघे दुखत असतील तर वर नाही गेलं तरी चालेल, तिथली हिमरू शेरवानी सोडली तर फारसं काही नाही. फ्लॅश बंद ठेवा.

बाहेरच्या खोलीत नव्या साड्या विकायला आहेत. 'हातमागाची आहे' एवढ्यावर पैसे काढू नका. पदर उलटा करायला सांगा, मोरामागे दोरे तरंगताना दिसले की साडी परत घडीवर. आवडलीच, तर तिची जर चांदीची, तांब्याची की प्लास्टिकची, हे बिलावर लिहून घ्या.