एक सही खरी, दोन खोट्या: स्पिटफायरच्या प्रिंटमागे गेलेले ४८,८०० रुपये

स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या छापील चित्राची, म्हणजे प्रिंटची, जाहिरात अशी होती: 'स्पिटफायर, मर्यादित आवृत्ती, क्रमांक ६१२/१०००, तीन वैमानिकांच्या मूळ सह्या, प्रमाणपत्रासह.' खाली नावं होती डग्लस बेडर, रॉबर्ट स्टॅनफर्ड टक आणि जॉनी जॉन्सन. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश वैमानिकांबद्दल थोडंफार जरी वाचलेलं असलं तरी ही तिघं एकाच कागदावर म्हटल्यावर हात आवरत नाही. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका संग्राहकाचा आवरला नाही. ४२,००० रुपये प्रिंटचे गेले, वर 'कस्टम्स'च्या नावाखाली ६,८००.

आता यातली खरी गोम. ती प्रिंट नकली नव्हतीच. कागद खरा, ऑफसेटची छपाई खरी, उजव्या कोपऱ्यातली चित्रकाराची सही खरी, क्रमांकही खरा. जॉन्सन यांची सहीसुद्धा खरी. बेडर आणि टक मात्र नंतर कुणीतरी घरी बसून पेन्सिलीने आणून बसवले होते. अख्खी प्रिंट बनावट असेल तर कागद हातात घेतल्यावर शंका येते. इथे शंका यावी असं पहिल्या नजरेला काही नव्हतं, कारण दहातल्या आठ गोष्टी तपासून खऱ्याच निघतात आणि माणूस नववी तपासत नाही.

हे करण्यामागचं गणित सरळ आहे. या प्रिंट्सना भाव चित्रामुळे कमी आणि वैमानिकांच्या सह्यांमुळे जास्त येतो. फक्त चित्रकाराची किंवा एकाच वैमानिकाची सही असलेली प्रत स्वस्तात मिळते. ती घ्यायची, समासात आणखी दोन मोठी नावं घालायची, की झाली 'दुर्मीळ' प्रत. पेन्सिलीशिवाय भांडवल लागत नाही.

हा प्रकार पकडायला पाच मिनिटं पुरली असती. चित्राच्या खाली, डाव्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत प्रकाशकाची ओळ छापलेली असते आणि तिच्यात बहुधा प्रकाशनाचं साल असतं. या प्रिंटवर ते १९८९ होतं. बेडर ५ सप्टेंबर १९८२ ला वारले, टक ५ मे १९८७ ला. जॉन्सन ३० जानेवारी २००१ पर्यंत होते. म्हणजे तिघांपैकी दोघं ही प्रिंट निघाली तेव्हा हयातच नव्हते. जाहिरातीतल्या फोटोत माउंटची, म्हणजे चित्राभोवती बसवायच्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याची, कड बरोबर त्या बारीक ओळीवर आली होती. हा योगायोग नव्हे. ज्या फोटोत चारही समास पूर्ण दिसत नाहीत, त्या फोटोवर एक रुपयाही पाठवायचा नाही.

वैमानिकांच्या मृत्यूच्या तारखांचा एक कागद करून ठेवावा, फार उपयोगी पडतो. लेनर्ड चेशायर ३१ जुलै १९९२, एरिच हार्टमन २० सप्टेंबर १९९३, अडॉल्फ गॅलंड ९ फेब्रुवारी १९९६, पॉल टिबेट्स १ नोव्हेंबर २००७, ग्युंटर राल ४ ऑक्टोबर २००९. गाय गिब्सन यांचं नाव तर लाल शाईने लिहावं. मे १९४३ मध्ये जर्मनीतल्या धरणांवर लँकेस्टर विमानांनी जो हल्ला केला त्याचं नेतृत्व त्यांनी केलं आणि १९ सप्टेंबर १९४४ ला ते मारले गेले. सहीच्या प्रिंट्सचा बाजार त्यानंतर कित्येक वर्षांनी उभा राहिला. त्यांची सही युद्धकाळातल्या एखाद्या फोटोवर किंवा पत्रावर असू शकते, अशा प्रिंटच्या समासात नाही.

आपल्याकडची उदाहरणं वेगळी नाहीत. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर नॅट विमानातून लढताना धारातीर्थी पडले. त्याच झुंजीच्या चित्रावर त्यांची सही कुणी दाखवत असेल तर पुढे बोलायचंही कारण नाही. ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात मिग-२१ लढाऊ विमानं तयार झाली, त्यामुळे नाशिकमध्ये या विमानांवर जीव असलेली घरं पुष्कळ. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. आता त्या नावावर काय काय विकायला येईल याचा नेम नाही.

विक्रेत्याला १९८२ आणि १९८९ विचारल्यावर उत्तर आलं, 'त्यांनी कोऱ्या कागदावर आधीच सह्या करून ठेवल्या होत्या, चित्र नंतर छापलं.' ऐकायला पटण्यासारखं आहे आणि म्हणूनच धोक्याचं आहे. दिवंगत वैमानिकाची सही असलेल्या प्रती रीतसर निघतात, पण त्यात सही वेगळ्या कार्डावर किंवा कागदाच्या तुकड्यावर असते आणि ते कार्ड माउंटला वेगळी खिडकी कापून चित्राखाली बसवलेलं असतं. प्रकाशकाने त्या आवृत्तीच्या वर्णनात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. सही प्रिंटच्याच समासात असेल आणि माणूस आधी गेलेला असेल, तर सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. प्रकाशकाच्या मूळ माहितीपत्रकात कुणाकुणाच्या सह्या होत्या ते दाखवा म्हणावं. इथे ते मागितल्यावर दोन दिवस शांतता, मग नंबर ब्लॉक.

प्रिंट टेबलावर आल्यावर जे दिसलं ते नीट सांगण्यासारखं आहे. नाशिकरोडला नोटा आणि तिकिटं छापणाऱ्या प्रेस आहेत, त्यामुळे छपाईवाल्याचं दहापट भिंग या शहरात शोधावं लागत नाही. भिंगाखाली ऑफसेट छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांची बारीक फुलं दिसतात. सहीत तसे ठिपके दिसले तर ती छापलेली सही, विषय संपला. जिक्ले म्हणजे इंकजेटच्या प्रिंटमध्ये फुलं नसतात, शिंतोडल्यासारखे कण दिसतात. पेन्सिलीचं शिसं मात्र कागदाच्या उंचवट्यांवर बसतं, खोलगट जागा कोऱ्या राहतात आणि टॉर्च अगदी आडवा धरला की ते करडं चमकतं.

इथे तिन्ही सह्या पेन्सिलीच्याच होत्या. फरक हाताच्या वेगात होता. रोज शेकडो सह्या करणाऱ्या माणसाची पेन्सिल कागदाला टेकते तेव्हा आधीच पळत असते, त्यामुळे रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळता होतो. मध्ये दाब कमीजास्त होतो आणि जोर पडला तिथे मागून बोट फिरवलं की उठाव लागतो. जॉन्सन यांची सही तशीच होती. बेडर आणि टक यांच्या सह्या 'काढलेल्या' होत्या. सुरुवातीला बोथट ठिपका, दाब सगळीकडे सारखा, लांब वळणावर हात थांबून पुन्हा चालू केल्याची जागा. 'बी'च्या पोटात तर दोन रेघा एकमेकींवर चढवलेल्या, एक चुकली म्हणून दुसरी. आपली सही कुणी गिरवून दुरुस्त करत नाही. म्हातारपणी हात थरथरतो हे खरं, पण थरथरणारा हात पुढे सरकत राहतो. नक्कल करणारा थांबून बघतो.

याहून पक्का पुरावा माउंटने दिला. प्रिंट पूर्वी बरीच वर्षं फ्रेममध्ये असणार. साध्या, आम्ल असलेल्या माउंट बोर्डमुळे खिडकीच्या कडेला कागदावर तपकिरी रेघ उमटते. इथे ती चित्राच्या खाली साधारण चार सेंटिमीटरवर, एका सरळ ओळीत होती. जॉन्सन आणि चित्रकार यांच्या सह्या त्या रेघेच्या आत, पूर्ण. बेडर यांची सही मात्र रेघ ओलांडून अर्धी खाली उतरलेली. सही अर्धी झाकून फ्रेम करणारा माणूस कुठे भेटतो का? त्या वेळी फ्रेमवाल्याने ज्या सह्या होत्या त्या दिसतील अशी खिडकी कापली. बेडर तिथे नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी जागा सोडली गेली नाही. शिवाय त्या रेघेवरून जाताना पेन्सिल तपकिरी डागाच्या वर बसलेली स्पष्ट दिसत होती. आधी डाग, मग सही.

प्रमाणपत्राबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याला आमच्या लेखी किंमत नाही. जो सही काढू शकतो त्याला ए-फोरचा एक कागद छापणं जड नाही. या प्रमाणपत्रात प्रकाशकाचा उठावाचा शिक्का नव्हता, क्रमांक जेल पेनने भरलेला होता आणि तिन्ही नावं होती. मूळ प्रमाणपत्रात एकच असणार, म्हणूनच ते दिलं नसावं. क्रमांकाचंही तसंच. ६१२/१००० हा आकडा प्रत कितवी ते सांगतो, सही कुणी केली ते सांगत नाही.

'कस्टम्स'ची गंमत पार्सलवरच लिहिलेली होती. विक्रेत्याचं म्हणणं, नातेवाईक इंग्लंडहून पाठवतायत, माल मुंबईत अडकलाय, ६,८०० लगेच यूपीआय करा. प्रिंट गुंडाळून ठेवलेली ट्यूब आली तेव्हा तिच्यावर देशांतर्गत कुरिअरची पावती होती, बुकिंग मुंबईचं. परदेशातून टपालाने येणाऱ्या पार्सलवर सीएन-२२ किंवा सीएन-२३ हा सीमाशुल्काचा जाहीरनामा चिकटवलेला असतो. शुल्क असेल तर ते पोस्ट किंवा कुरिअर कंपनी पावती देऊन घेते, विक्रेत्याच्या खासगी यूपीआयवर ते कधीच जात नाही.

पैसे देण्याआधी मागायचं ते एवढंच: फ्रेममधून काढलेल्या प्रिंटचा चारही समास दिसणारा फोटो, प्रकाशकाच्या बारीक ओळीचा फोटो, प्रत्येक सहीचा जवळून एक आणि टॉर्च आडवा धरून एक फोटो, आणि समासाची मागची बाजू. मागचा फोटो मागितला की पुष्कळ विक्रेते आपोआप गळतात. 'फ्रेम उघडली तर काच फुटेल' हे कारण ऐकू आलं की आपणच गळावं. प्रिंट मागे हार्डबोर्डला चिकटवलेली निघाली तर सही खरी असली तरी घेऊ नये. ती सुटत नाही आणि संग्राहक तिला हात लावत नाहीत. ट्यूब उघडतानाचा व्हिडिओ सील दाखवून, न थांबवता काढावा.

फसल्याचं लक्षात आलं तर वेळ घालवू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार पहिल्या काही तासांत केली तर पैसे समोरच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. या व्यवहारात तक्रार एकोणीस दिवसांनी झाली, तोवर खातं रिकामं. तक्रारीला जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पूर्ण चॅट आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बारा आकडी व्यवहार क्रमांक, लागतो. 'वस्तू मिळाली ना, मग वाद दिवाणी' असं ऐकवलं जाऊ शकतं. तेव्हा मृत्यूच्या तारखा आणि छापलेलं साल शेजारी शेजारी मांडावं, कारण खोटं सांगून पैसे काढणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येतं. विकणारा व्यापारी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची.

त्या दोन खोट्या सह्या खोडायच्या का, हे पुढे विचारलं गेलं. खोडू नये. पुरावा तर जातोच, शिवाय खोडरबराने कागदाची वरची साय उडते आणि ती जागा कायमची उघडी पडते. जॉन्सन यांची सही असलेली प्रत म्हणून तिला आजही थोडाफार भाव आहे. सध्या ती आम्लविरहित कागदाच्या दोन तावांमध्ये सपाट ठेवलेली आहे. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'डावीकडून पहिली आणि दुसरी सही बनावट.'